विकत घेतलेला पाहुणचार

पोर्तुगालमधील दोरो नदीच्या खोऱ्यात द्राक्षमळ्यांची एक दिवसाची सहल करून आम्ही परतलो, तेव्हा देवळाच्या सभामंडपात भेटलेल्या स्नेह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की "वकीलसाहेब, चाखली की नाही?" आम्ही नाही म्हटले. मंडळींचे समाधान झाले, प्रसाद वाटला गेला आणि विषय तेथेच संपला. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही. मद्याच्या गावी जाऊन ओठ कोरडे ठेवून आलेला माणूस त्या गावच्या बऱ्यावाइटापासून मोकळा असतो, असे आपण सगळेच गृहीत धरतो. हे गृहीत कितपत टिकते ते तपासून पाहावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी या विषयात हयगय केलेली नाही. मनुस्मृतीने सुरेचे गौडी, पैष्टी आणि माध्वी असे प्रकार पाडले, तिचे पान महापातकांत घातले, आणि एवढ्यावर न थांबता मद्याचा नुसता वास घेणेही दोषांत गणले. म्हणजे जिभेचा विचार झाला, नाकाचाही झाला. डोळ्याचा मात्र झाला नाही. होणार तरी कसा? मद्य गाळण्याची जागा केवळ पाहण्यासाठी कोणी पैसे मोजून जाईल, ही कल्पना त्या काळी कोणास सुचणे शक्य नव्हते. मुंडकोपनिषदातील एकाच झाडावर बसलेले दोन पक्षी वाचकांच्या परिचयाचे आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. आणि पाहणाऱ्याची पदवी थोर मानली आहे. पेला हाती न धरणाऱ्या प्रवाशाला आपण त्या दुसऱ्या पक्ष्याच्या फांदीवर बसलो आहोत असे वाटू लागते. पण त्या पक्ष्याने तिकीट काढलेले नव्हते, ही गोष्ट तो विसरतो.

आम्हांस पोर्तुगालात जावे लागले ते एका वारसाहक्काच्या प्रकरणातील जुन्या कागदांच्या निमित्ताने. १८६७ सालची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोमंतकात लागू झाली. खुद्द पोर्तुगालने १९६७ साली तिला निरोप देऊन नवी संहिता अमलात आणली. आमच्याकडे विवाह आणि पतिपत्नींची सामाईक मालमत्ता या बाबतींत ती जुनीच आजही चालते. घरमालकाने टाकून दिलेल्या जात्यावर भाडेकरूने दळत बसावे, तसा हा प्रकार आहे. असो. कागदांचे काम आटोपून एक दिवस मोकळा उरला, आणि २०२४ च्या सप्टेंबरातील एका सकाळी आठ उतारूंच्या एका गाडीत आम्ही पोर्तो शहराहून निघालो.

मारांव डोंगराच्या पोटातून २०१६ साली खुला झालेला साडेपाच किलोमीटरांहून अधिक लांबीचा बोगदा ओलांडला, की देश बदलतो. समुद्राकडचा ओलावा मागे राहतो आणि तापलेले, कोरडे डोंगर समोर येतात. त्या डोंगरांना पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या घातलेल्या आहेत. आमच्या कोकणपट्टीत जसे चुन्यावाचून रचलेले दगडी गडगे असतात, तसे हजारो गडगे एकावर एक चढत गेलेले, आणि प्रत्येक गडग्यामागे द्राक्षवेलींच्या एकदोन रांगा. तेथील खडक पापुद्र्यापापुद्र्यांचा, शिस्ट जातीचा. माती अशी जवळजवळ नव्हतीच; माणसांनी पहारीने खडक फोडून तिचा चुरा केला आणि त्याला माती म्हटले. वेलींची मुळे त्या खडकाच्या फटींतून पाण्याच्या शोधात खोल खोल जातात. हे काम करणाऱ्यांत सरहद्दीपलीकडच्या स्पेनमधील गालिसिया प्रांतातून आलेले गरीब मजूर पुष्कळ होते. १८६० नंतरच्या दशकात फायलोक्सेरा नावाची, वेलींची मुळे खाणारी कीड आली आणि कित्येक मळे कायमचे उजाड झाले. त्या झुडपांनी भरलेल्या ओसाड पायऱ्या अजून दिसतात. त्यांना तेथे 'मोर्तोरियु' म्हणतात. त्या शब्दातच मरण आहे. २००१ साली या प्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारशाचे स्थान दिले, ते निसर्गासाठी नव्हे, तर माणसाने घडविलेल्या या भूमीसाठी.

हे सर्व आमच्या मार्गदर्शकाने सांगितले, आणि फार चांगले सांगितले. तो पस्तिशीचा, हसतमुख, आपल्या मुलुखावर प्रेम करणारा तरुण होता. मात्र वकिलीचा धंदा केलेल्या माणसाला कोणतेही अस्खलित निवेदन ऐकताना एक खोड लागलेली असते. साक्षीदाराचा सरतपास त्याच्याच बाजूचा वकील घेतो, तेव्हा सर्व उत्तरे कशी एका सुरात येतात! खरी परीक्षा उलटतपासात होते. सहलीत मार्गदर्शकाचा केवळ सरतपास असतो. प्रश्नही त्याचे, उत्तरेही त्याचीच, आणि आठ उतारू हे असे न्यायाधीश, की ज्यांना निकालाआधी जेवण वाढलेले असते.

एक उदाहरण देतो. हा जगातील पहिला सीमांकित द्राक्षप्रदेश, असे त्याने अभिमानाने सांगितले. हकीकत अशी, की १७०३ च्या मेथुएन तहान्वये इंग्लंडात पोर्तुगीज द्राक्षमद्यावरील जकात फ्रेंच मालापेक्षा एक तृतीयांशाने कमी झाली. मागणी वाढली, आणि मागणीबरोबर भेसळही. एल्डर नावाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस मिसळून फिक्या मालाला रंग येऊ लागला. भाव कोसळले. तेव्हा पोर्तुगालचा सर्वसत्ताधीश मंत्री, जो पुढे पोंबालचा मार्केस म्हणून प्रसिद्धीस आला, त्याने १७५६ साली एक कंपनी स्थापून प्रदेशाच्या सीमा आखल्या, तीनशेहून अधिक दगडी खांब रोवले आणि ती झुडपे उपटून टाकण्याचा हुकूम काढला. जागेचे नाव त्या जागेच्या मालालाच लावता यावे, हे तत्त्व थोर आहे. आमच्या काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशनाचे जे संरक्षण मिळाले, त्याची मुळे अशाच विचारात आहेत. तरी 'पहिला' हा शब्द कोर्टात टिकणारा नव्हे. तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने कियांती प्रदेशाची सीमा १७१६ सालीच जाहीर केली होती. पण ही किरकोळ बाब झाली. मोठी बाब मार्गदर्शकाने सांगितलीच नाही. त्या कंपनीला मिळालेल्या मक्तेदारीने पोर्तोतील गुत्तेवाल्यांचा आणि गोरगरिबांचा धंदा बुडाला. १७५७ च्या फेब्रुवारीत ते रस्त्यावर आले. पोंबालने त्या दंग्याला राजद्रोह ठरवून शेकडोंवर खटले भरले आणि अनेकांना फाशी दिली. भेसळ थांबविणारा कायदा आणि फासाचा दोर एकाच मंत्रालयातून निघाले. आणखी एक गोष्ट, जी सांगण्याचे त्या मार्गदर्शकाला काहीच कारण नव्हते, पण आम्हांस आठवल्यावाचून राहिली नाही : गोव्यातील इन्क्विझिशन १७७४ साली बंद पडले ते याच पोंबालच्या राजवटीत. तो पदच्युत झाल्यावर १७७८ साली ते पुन्हा सुरू झाले आणि १८१२ साली कायमचे संपले. एका माणसाविषयी एकच निकाल देणे किती अवघड असते, याचे हे उदाहरण नजरेआड करू नये.

आता मुख्य मुद्दा. आम्ही मनात इतका उलटतपास घेत होतो, तर तोंडाने का घेतला नाही? गाडीतील इतर सात जणही अडाणी नव्हते. मग सगळेच केवळ माना का डोलावीत होते? आमच्या मते याचे कारण त्या दिवशी वारंवार वापरलेल्या एका शब्दात आहे. मार्गदर्शक आम्हांस पाहुणे म्हणत होता. पहिल्या मळ्यावर मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, कोकणीत ज्याला येवकार म्हणतात तसा त्यांनी हसून केला, आणि घरचे ऑलिव्ह, पाव व चीज पुढे ठेवले. पाहुण्याचा एक धर्म असतो. यजमानाच्या घरातील भिंतीला पडलेली भेग तो पाहत नाही, गड्याला काय पगार देता हे विचारीत नाही. परंतु आपण तेथे पाहुणे होतो काय? ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. आमची तिथी, वेळ आणि आसनाचा क्रमांकसुद्धा पावतीवर छापलेला होता. आम्ही गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाइकाला प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. बाजारात वांगे घेतानासुद्धा आपण ते उलटेसुलटे करून पाहतो. त्याच गिऱ्हाइकाला पाहुण्याचा मान दिला, की त्याची जीभ बांधली जाते आणि पाकीट मात्र मोकळे राहते. विकत घेतलेल्या पाहुणचाराची ही गोम आहे. यात मालकीणबाईंचे हसू खोटे होते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ते खरेच होते. अडचण आहे ती याचीच. खोट्या हसण्यापुढे प्रश्न विचारणे सोपे असते.

दुपारी पिन्यांव गावच्या रेल्वे स्थानकावर आम्हांस निळ्या चिनी मातीच्या फरशांवरील चित्रे दाखविण्यात आली. अशा फरशा पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा सभागृहात पाहिलेल्या आमच्या वाचकांना त्यांची शोभा वर्णन करून सांगावयास नको. १९३७ सालच्या त्या चित्रांत द्राक्षे तोडणाऱ्या बायका, पाठीवर मोठ्या करंड्या घेऊन उतरणीवरून ओळीने चाललेले पुरुष, नदीतील पिंपे वाहणाऱ्या नावा असे सारे आहे. (आमच्या भाषेतील 'पिंप' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'पीपा'वरूनच आलेला आहे.) मंडळींनी पुष्कळ छायाचित्रे घेतली. तेथून निघाल्यावर एका वळणावर देखावा पाहण्यासाठी गाडी थांबली, तो खालच्याच पायरीवर खरी तोडणी चाललेली होती. पाचसहा तरुण उन्हात वाकून घड कापीत होते आणि प्लास्टिकच्या क्रेटांत टाकीत होते. वाऱ्याबरोबर त्यांचे बोलणे वर आले, ते हिंदी होते. पोर्तुगालच्या शेतीत आज भारत, नेपाळ, बांगलादेश येथील मजुरांचा भरणा मोठा आहे हे आम्हांस वाचून ठाऊक होते. तरी ऐकल्यावर अंगावर काटा आला. आम्ही गडग्यापाशी जाऊन हिंदीतच गाव विचारले. एकाने हरियाणातील एक जिल्हा सांगितला, हात जोडले, आणि मुकादमाची हाक येताच पुन्हा वेलीकडे वळला. गाडीतील एका बाईंनी सहज विचारले, "तुमच्याच देशाचे काय हो हे?" आम्ही होय म्हटले. मार्गदर्शक या वेळी घड्याळाकडे पाहत होता. निळ्या फरशांवरील मजुरांसाठी आम्हांस वीस मिनिटे देण्यात आली होती. या मजुरांसाठी चार मिनिटेही कार्यक्रमात नव्हती.

येथे एखादे वकीलबंधू हरकत घेतील. ते म्हणतील, करार सहलीचा होता. पैसे दिले, मळे पाहिले, करार पुरा झाला. मजुरांची मजुरी हा त्या कराराचा भाग नव्हता. करारापुरते ते खरे आहे. पण त्या सहलीत आम्हांस विकले गेले ते काय? नुसती हिरवळ नव्हे. गालिसियाच्या मजुरांनी खडक फोडला, बायकांनी घड तोडले, नावाड्यांनी नदीतील खळाळांत जीव गमावले, ही कथा त्या मालाचा मुख्य दागिना होती. मेलेल्या मजुरांची थोरवी गाऊन तिचे मोल वसूल करावयाचे आणि जिवंत मजुरांविषयी मौन पाळावयाचे, हा व्यवहार प्रामाणिक नाही. आणि ज्याने त्या कथेचे पैसे मोजले, तो पेल्याला शिवला नाही म्हणून भोक्ता नव्हे, असे कसे म्हणता येईल? जिभेने नव्हे, तर डोळ्यांनी आणि कानांनी त्याने भोग घेतलाच.

शेवटच्या मुक्कामी द्राक्षे तुडविण्याचे दगडी हौद पाहिले. पूर्वी माणसे खांद्याला खांदा लावून, हुकुमाच्या तालावर, कित्येक तास गुडघाभर रसात पावले टाकीत. ते कवाईतीसारखे काम संपले, की मग वाद्ये आणि नाच. आता काही ठिकाणी ही हौस प्रवासी लोक भागवितात. रस अर्धवट आंबला असतानाच त्यात द्राक्षांचाच तीव्र मद्यार्क मिसळतात. त्यामुळे आंबणे थांबते आणि गोडी शिल्लक राहते. मग चाखणी झाली. पेला पुढे आला तो आम्ही नम्रपणे बाजूस सारला, आणि मंडळी दुकानात शिरली. आम्हांस काही घ्यावयाचे नव्हते. मार्गदर्शकही बाहेर ओट्यावर उभा होता. तेव्हा आम्ही त्यास विचारले, की द्राक्ष पिकविणाऱ्याला यात काय मिळते?

त्याने एकदा दुकानाच्या दाराकडे पाहिले. मग तो बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज दिवसभराचा राहिला नाही. त्याच्या वडिलांचा एक लहानसा मळा आहे. प्रत्येक मळ्याला उतार, उंची, वेलींचे वय अशा गोष्टींवरून गुण मिळतात आणि त्यावरून श्रेणी ठरते. दर वर्षी सरकारी संस्था एकंदर किती रसाचे पोर्ट मद्य करता येईल तो आकडा जाहीर करते आणि श्रेणीनुसार तो वाटला जातो. या वाट्याला 'बेनेफिसियु', म्हणजे लाभ, असे नाव आहे. २०२३ साली तो १ लाख ४ हजार पिंपांचा होता, २०२४ साली ९० हजारांवर आला. (आमच्या सहलीनंतरच्या वर्षी, २०२५ साली, तो आणखी उतरून ७५ हजार झाला.) एक पिंप ५५० लिटरांचे. वाट्याबाहेरची द्राक्षे मिळेल त्या भावाने साध्या मद्यासाठी द्यावयाची, आणि त्या वर्षी तर नेहमीच्या कित्येक खरेदीदारांनी घेण्याचेच नाकारले होते. तोडणीचा खर्चही निघत नाही, म्हणून वडील घड वेलीवरच ठेवावेत काय या विचारात आहेत, असे तो म्हणाला. आणि मग हसून म्हणाला, "हे मी गाडीत सांगत नाही. लोक सुट्टीवर आलेले असतात."

त्या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो, हे कबूल केले पाहिजे. उलटतपासाचा एक नियम आम्ही कनिष्ठ वकिलांना नेहमी सांगतो : साक्षीदाराला दुखावून तुझ्या अशिलाचा काही फायदा होणार नसेल, तर तो प्रश्न विचारू नकोस. येथे आमचा अशील कोण होता? आम्ही संध्याकाळी निघून जाणार. तो माणूस उद्या सकाळी दुसऱ्या आठ जणांना घेऊन त्याच हसतमुखाने येणार. केवळ आपली सदसद्विवेकबुद्धी शांत करण्यासाठी दुसऱ्याच्या दुःखावरील झाकण उचलणे हाही एक प्रकारचा उपभोगच नव्हे काय? या शंकेला आमच्यापाशी पुरे उत्तर नाही. एवढेच दिसते, की त्याने सांगितले ते कोणीतरी विचारण्याची वाट पाहत असल्यासारखे सांगितले. न विचारण्याने त्याचे काही वाचले नसते. वाचली असती ती फक्त आमची संध्याकाळ.

आणि हा प्रश्न परदेशापुरता नाही, म्हणूनच तो या मासिकात मांडण्याचे धाडस केले. फोंडा महालातील आमच्या देवस्थानांत आता रोज गाड्या भरभरून परगावचे लोक येतात. त्यांना आपण दीपमाळ दाखवितो, तळी दाखवितो, १५६० साली कुठ्ठाळीहून प्रियोळास आलेल्या मंगेशाची कथा सांगतो. ती सांगावयासच हवी. ती आपली जखम आहे. परंतु त्याच देवळांत पिढ्यान्पिढ्या भाविणी आणि देवळी म्हणून ज्यांचे आयुष्य सेवेच्या नावाखाली बांधले गेले, त्यांची हकीकत किती पाहुण्यांना आपण होऊन सांगतो? महाजनांचे हक्क कोणाचे, पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरचे दावे आम्ही वर्षानुवर्षे चालविले आहेत. १९३३ च्या माझाणी कायद्यातील कलमे आम्हांस तोंडपाठ आहेत. त्या कागदांत सेवेकऱ्यांची नावे येतात ती बहुधा खर्चाच्या रकान्यात. एखादा परका प्रवासी सभामंडपाच्या बाहेर, आपले पुजारी आत गेलेले पाहून, देवळाच्या झाडलोटीच्या बाईला हळूच काही विचारू लागला, तर आपल्याला राग येईल. आम्हांसही येईल. तो राग पाहुण्याने मर्यादा सोडल्याचा असेल, की सरतपास मोडल्याचा, हे वाचकांनी आपापल्या देवळाच्या पायरीवर बसून ठरवावे.

परतीच्या वाटेवर अंधार पडला होता. बहुतेक जण पेंगत होते. पोर्तोत उतरताना मार्गदर्शकाने प्रत्येकास विनंती केली, की भ्रमणध्वनीवर एक पान येईल, त्यात तारे द्यावेत. पाचांहून कमी तारे पडले तर कंपनी जाब विचारते. रात्री खोलीवर आम्ही ते पान उघडले. वाहनाची स्वच्छता, जेवण, मद्याची प्रत, मार्गदर्शकाचे ज्ञान आणि पाहुणचार असे रकाने होते. मद्याच्या प्रतीचा रकाना आम्ही कोरा ठेवला. इतर सर्व ठिकाणी पाच तारे दिले, ते त्या तरुणासाठी. शेरा लिहिण्याकरिता खाली दोन ओळींची जागा होती. तेथे त्याच्या वडिलांच्या मळ्याविषयी काही लिहावे असे क्षणभर मनात आले. पण ते पान कंपनीकडे जाणार होते. म्हणून तेथे लिहिले नाही.